गळलेल्या पानांची पाठशाळा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त पनवेल येथे भरलेल्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा मी प्रथम नम्रपणे नकार दिला होता. मी बी.कॉम. झालेला एक कापड दुकानदार. चाळीस वर्षे गादीवर बसून कापडाचे तागे उलगडले आणि पुन्हा गुंडाळले, एवढीच माझी विद्या. शिक्षणशास्त्राचा अभ्यास नाही, विज्ञानाचा तर नाहीच. परंतु विषय ऐकला आणि नकार परत घेतला. विषय होता, ‘लहान मुलांसाठी निसर्गातील सोप्या हस्तकला आणि विज्ञानाचे साधे खेळ’. या विषयाचे एक जुने देणे माझ्यावर आहे. ते आज आपणासमोर फेडावे, अशी माझी इच्छा आहे.

तीन वर्षांपूर्वी आपल्या पाठशाळेच्या भगिनींनी विश्वस्तांसमोर एक सूचना मांडली. रविवारच्या पाठशाळेत सूत्रपाठ झाल्यानंतर तीन ते सात वर्षांच्या मुलांना अर्धा तास पाने, बिया, फुले, कापडाचे तुकडे यांपासून काही करावयास द्यावे आणि महिन्यातून एकदा त्यांना मोकळ्या जागी न्यावे, अशी ती सूचना होती. त्या बैठकीत विरोध करणारा मी होतो. “पाठशाळा धर्मशिक्षणासाठी आहे. पाने चिकटविण्याचे काम शाळेत होते,” असे मी म्हणालो. शिवाय जीवविराधनेचा मुद्दाही मीच काढला. मुले पाने तोडतील, किडे पकडतील, मग आपण शिकविले काय? बहुमताने सूचना मान्य झाली. मात्र माझ्या विरोधामुळे भगिनींनी स्वतःसाठी एक नियम करून घेतला. जे झाडाने स्वतःहून टाकले आहे, तेच उचलावयाचे. जे जिवंत आहे, ते पाहावयाचे आणि जेथे आहे तेथेच राहू द्यावयाचे. आज मला वाटते, त्या बैठकीतील माझा उपयोग एवढाच झाला, आणि तो मला न कळत झाला.

आता या कल्पनेचा थोडा पूर्वेतिहास. लहान मुलाला हाताने काही करू द्यावे, हा विचार आपल्याकडे काल-परवा आलेला नाही. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता करता करता त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले. मुले त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’ म्हणत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी गुजराती बोलली जाते, त्यांना या दोन शब्दांतील गोडवा वेगळा सांगावयास नको. त्याच भावनगरला मुंबईच्या ताराबाई मोडक त्यांच्यासमवेत काम करावयास गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी १९३६ साली दादरला शिशुविहार काढला. परंतु शहरातील सुस्थितीतील मुलांना शिकवून त्यांचे समाधान झाले नाही. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

तेथे काय घडले, ते व्यापारी मनाला फार पटण्यासारखे आहे. मादाम मॉन्टेसरींच्या पद्धतीत मुलांसाठी उत्तम साधने असतात, पण ती महाग. वारली आदिवासींच्या पाड्यावर ती कोठून आणणार? तेव्हा या दोघींनी समुद्रावरचे शिंपले, नदीतील गोटे, चिंचोके, पाने, बांबूचे तुकडे आणि माती यांतूनच मोजण्याची, जुळविण्याची, लहान-मोठे ओळखण्याची साधने तयार केली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तिचे नाव अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरविली, ती कुरणशाळा. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या सन्मानापेक्षा चिंचोक्याचे मोल अधिक वाटते. गल्ल्यात पैसा नसताना धंदा उभा करणाऱ्याला आपण कर्तबगार म्हणतो, मग पदरी साधन नसताना शाळा उभी करणारीला काय म्हणावे?

दुसरे नाव श्री. अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या आय.आय.टी.तून अभियंता झालेला हा माणूस पुण्याच्या मोठ्या मोटार कारखान्यात नोकरीला होता. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत विज्ञान शिकविण्याचा एक प्रयोग सुरू झाला होता, तेथे ते १९७८ साली गेले. गावच्या आठवडे बाजारातून त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीतील काड्या घेतल्या. नळीचे बारीक तुकडे करून त्यांत काड्या खोचल्या, की त्रिकोण होतो, चौकोन होतो. चौकोन दाबला तर वाकतो, त्रिकोण वाकत नाही. पुलाच्या लोखंडी कैचीत, छपराच्या आधारात त्रिकोण का असतात, हे पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांना कळते. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत, जिचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर होते, मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू झाली. तेथे गुप्ताजींनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी तयार केली आणि हजारो मुलांना करावयास शिकविली. २०१८ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली.

कोसबाड, पुणे, होशंगाबाद दूर राहिले. आपल्या पनवेलमध्ये काय करता येईल? तीन वर्षांत आपल्या पाठशाळेत जे झाले, त्यातील मी डोळ्यांनी पाहिलेलेच सांगतो.

पहिला खेळ पानाच्या ठशाचा. गळलेले पान शिरा वर येतील असे ठेवावे, त्यावर पातळ कागद ठेवावा आणि मेणाचा खडू आडवा धरून हलक्या हाताने घासावा. शिरांचे चित्र आपोआप उमटते. पिंपळाच्या पानात जाळी दिसते, बांबूच्या पानात रेषा समांतर धावतात. मुलांनी हे स्वतः शोधून काढले, कोणी सांगितले नव्हते. नंतर एका भगिनीने पिंपळाचे पान पाण्यात कित्येक दिवस कुजवून जाळी करण्याचे सुचविले. तेव्हा एका वयोवृद्ध श्राविकेने हरकत घेतली. साठलेल्या पाण्यात असंख्य जीव उत्पन्न होतात, मुलांच्या करमणुकीसाठी त्यांची विराधना कशाला? हरकत योग्य होती. मग ठरले, की पिंपळाखाली पावसाळ्यानंतर निसर्गानेच जाळी केलेली पाने पडतात, ती शोधावयाची. मुले दोन रविवार शोधत राहिली. तीन पाने सापडली. विकत घेतलेल्या तीनशे पानांचा जेवढा आनंद झाला नसता, तेवढा त्या तिनांचा झाला.

दुसरा खेळ बियांचा. रुईचे बोंड उकलते आणि रेशमी झुबका घेऊन बी उडते. त्याला आपण लहानपणी ‘म्हातारी’ म्हणून त्याच्यामागे धावत होतो. सावरीचे बोंड फुटते, त्याचा कापूस उडतो. तेथे मुलांनी मला विचारले, “आजोबा, याचे कापड का होत नाही?” चाळीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता. सावरीचा तंतू गुळगुळीत आणि आखूड, त्याला पीळ धरत नाही, म्हणून त्याचे सूत कातणे अवघड. त्याचा उपयोग उशीला. शेवग्याच्या बीला तीन पातळ पंख असतात. वरून सोडले, की ती हेलकावे घेत, फिरत फिरत खाली येते. कागदाची एक पट्टी घ्यावी, वरच्या अर्ध्या भागात मधोमध चीर द्यावी, दोन पाती विरुद्ध बाजूंना दुमडाव्या आणि खाली एक टाचणी-चाप लावावा. वरून सोडताच तीही भिरभिरत येते. झाड आपल्या बीला दूर का पाठविते, हे मग समजावून द्यावे लागत नाही. आईच्या सावलीत सगळीच बाळे वाढली तर कोणालाच ऊन मिळणार नाही, हे एका सहा वर्षांच्या मुलीने स्वतः सांगितले.

तिसरा खेळ माझ्या धंद्यातला. पांढऱ्या कापडावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला, की तो लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. आपण त्याला डाग म्हणतो, विज्ञान त्याला परीक्षा म्हणते. वाळलेल्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेल्या कापडाच्या पट्ट्या मुलांना द्याव्या. साबणाच्या पाण्यात पट्टी लाल होते, लिंबाच्या रसात पुन्हा पिवळी होते. गळलेल्या गोकर्णाच्या फुलांचे कोमट पाण्यात निळे पाणी होते, लिंबाचे दोन थेंब पडताच ते जांभळे होते. आणि प्राजक्त तर आपल्यासाठीच जन्मला असावा, असे मला वाटते. पहाटे तो आपली फुले स्वतःच अंगणात टाकतो. त्याचे केशरी देठ ओल्या पांढऱ्या कापडावर चोळले, की सुंदर रंग उमटतो. पूर्वी रेशीम रंगविण्यासाठी या देठांचा उपयोग करीत. तो रंग पक्का नाही, उन्हात उडतो. हे मी मुलांना आधीच सांगितले, कारण कच्च्या रंगाचे कापड पक्के म्हणून विकू नये, हाही धर्मच आहे.

चौथा खेळ पाणी गाळण्याचा. माझ्या आजीकडे पाणी गाळण्याचे जाड कापड होते. ते दुहेरी करून ती हंड्यावर बांधी, आणि गाळून झाल्यावर कापडावरचे, तिच्या भाषेत ‘संखारो’, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडी. आम्ही हसत असू. दुकानात सूत मोजण्याचे घडीचे भिंग असते. एक इंच कापडात उभे किती आणि आडवे किती धागे, ते त्याने मोजता येतात. ते भिंग मी पाठशाळेत नेले. मुलांनी मलमल पाहिली, मांजरपाट पाहिले, खादी पाहिली. धाग्यांमधील चौकोनी खिडक्या पाहून एक मुलगा म्हणाला, “एवढ्या मोठ्या खिडकीतून तर जीव सहज निघून जाईल.” मग कापड दुहेरी केले, चौपदरी केले. खिडक्या एकमेकींवर सरकल्या आणि लहान झाल्या. या प्रश्नाचे उत्तर जगाने गांभीर्याने शोधले आहे. बांगलादेशातील मतलब भागात ६५ गावांत शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांना जुन्या साडीच्या घडीतून पिण्याचे पाणी गाळावयास शिकविले. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. कारण पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात आणि ते प्राणी घडीत अडकतात. त्यातही नव्या साडीपेक्षा वापरून विरलेली साडी अधिक उपयोगी ठरली, कारण धुऊन धुऊन तिच्या धाग्यांचे तंतू मोकळे होतात आणि खिडक्या बुजतात. नवे कापड विकणाऱ्याने हे सांगणे धंद्याला मारक आहे, तरी सांगतो. मात्र कापडाने सर्व जंतू जात नाहीत, म्हणून पाणी उकळूनच प्यावे, हेही मुलांना सांगितले पाहिजे. गाळून आणि उकळून पाणी पिण्याचा आपला नियम मुलांनी आजवर पाठ केला होता, त्या दिवशी त्यांनी तो पाहिला.

पाचवा खेळ सावलीचा. अंगणात एक काठी सरळ रोवावी आणि तासातासाला तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. पनवेल सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मेच्या मध्याला एके दिवशी, घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर, सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस पुन्हा तसे होते, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात. मुले मे महिन्यात गच्चीवर उभी राहून स्वतःची सावली शोधत होती, आणि त्यांच्याबरोबर आमच्यासारखे चार-पाच आजोबाही.

एक सावधगिरी येथेच सांगून ठेवतो. गुंजेच्या बिया दिसावयास मोहक, पण विषारी. बिट्टीचे फळ आणि धोत्राही तसेच. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर अपाय करतो. तीन-चार वर्षांचे मूल लहान बी नाका-कानात घालते, म्हणून त्यांच्या हाती मोठे चिंचोके किंवा शेंगाच द्याव्या, आणि मोठे माणूस जवळ असावे. खेळानंतर हात धुणे हा खेळाचाच शेवटचा भाग समजावा.

आता मोकळ्या जागी नेण्याविषयी. आपल्या गावाला निसर्गाची कमतरता कधीच नव्हती. १८५२ साली नगरपरिषद स्थापन झालेले हे जुने गाव. १८७२ पासून येथे धूतपापेश्वराचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना, म्हणजे वनस्पतींची ओळख आपल्या गावच्या अर्थकारणातच होती. भोवती भातशेती, गावात तळी, जवळून गाढी नदी. आज शेतांच्या जागी इमारती आहेत. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटनही झाले. प्रगतीला माझा विरोध नाही. नव्या इमारतींतील गिऱ्हाईक माझ्याही दुकानात येते. परंतु विमान पाहण्यासाठी मान वर करणाऱ्या मुलाने घारही ओळखावी, एवढेच माझे मागणे आहे.

वडाळे तळ्याच्या काठी जाऊन मुलांनी पाच मिनिटे डोळे मिटून बसावे आणि प्रत्येक नव्या आवाजाला एक बोट उघडावे. पहिल्या दिवशी मुलांची चार बोटे उघडली, तीही रिक्षा, भोंगा, कुत्रा आणि कावळा. तिसऱ्या वेळी दोन्ही हात पुरेनासे झाले. येथून अवघ्या बारा-तेरा किलोमीटरवर कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. त्या अंगठ्यासारख्या सुळक्याच्या पायथ्याशी शेपटीला दोन लांब पिसे मिरविणारा भृंगराज दिसतो, नशीब असेल तर पांढऱ्याशुभ्र फिती हलवीत जाणारा स्वर्गीय नर्तक दिसतो. अभयारण्यातून मात्र काहीही उचलून आणावयाचे नसते, गळलेले पानही नाही. तेथे आपला नियम आणि सरकारचा नियम एकच होतो.

पक्ष्यांचा विषय निघाला, तेव्हा आपल्याच रायगड जिल्ह्यातील किहीम गावचा उल्लेख केला पाहिजे. डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास तेथे राहून सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. आपण ‘सुगरण’ म्हणून स्त्रीचे कौतुक करतो, पण घरटे विणतो तो नर. तो अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तरच पुढचे काम पूर्ण होते. साडी पसंत करणाऱ्या भगिनी आणि त्यांच्यासमोर तागे उलगडणारे आम्ही, यांचे यापेक्षा खरे चित्र मी पाहिले नाही.

याच सलीम अलींच्या बालपणातील प्रसंगाने मला अंतर्मुख केले. हा मुलगा अनाथ होता, मामांकडे मुंबईत वाढला. छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. १९०८ च्या सुमारास तो मुलगा ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे भीत भीत गेला. त्यांनी त्याला हाकलले नाही. त्यांनी पक्षी ओळखला, संग्रहातील कपाटे उघडली आणि एकामागून एक पक्षी त्याला दाखविले. पुढे त्या मुलाने सारे आयुष्य पक्ष्यांना दिले. चिमणी मारली हे वाईटच. त्याचे समर्थन या व्यासपीठावरून कोणी करणार नाही. परंतु एका प्रौढ माणसाने त्या क्षणी मुलाच्या हातातील अपराध न पाहता डोळ्यांतील प्रश्न पाहिला.

आणि आता माझे देणे. १९९४ सालचा जून महिना. शाळेच्या गणवेशाचा हंगाम, दुकानात पाय ठेवावयास जागा नाही. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. पहिला पाऊस नुकताच झाला होता. चिखलाच्या पायांनी तो धावत गादीपर्यंत आला, हातात काडेपेटी. “पप्पा, बघा! आपल्या दुकानातली मखमल!” पेटीत मृगाचा लाल किडा होता. त्याचा चिखलाचा हात पांढऱ्या शर्टिंगच्या ताग्यावर पडला. गिऱ्हाइकांसमोर मी त्याच्या थोबाडीत मारली, “जीव पकडतोस? पाप लागते, समजत नाही?” असे ओरडलो, आणि काडेपेटी त्याच्या हातातून घेऊन रस्त्यावर फेकून दिली. ती वाहत्या गटारात पडली.

त्या रात्री प्रतिक्रमण करताना मला काही वाटले नाही. पुढे अनेक वर्षे वाटले नाही. मिलार्ड साहेबांची गोष्ट वाचली, तेव्हा ती काडेपेटी एकदम डोळ्यांसमोर आली. मुलाने तो जीव जपून आणला होता. त्यात त्याने ओले गवतही घातले होते, ते मी पाहिले होते. मग त्या दिवशी हिंसा कोणी केली? अहिंसेचे नाव घेऊन तो जीव गटारात टाकणारा मी होतो. आणि ताग्याच्या नुकसानीचा राग मी धर्माच्या नावावर काढला होता. माझा मुलगा आज चांगल्या नोकरीत आहे, सुखी आहे. त्या एका थापडेने त्याचे आयुष्य बिघडले, असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगतो, की त्यानंतर खिशातील कोणतीही वस्तू त्याने मला कधी दाखविली नाही.

म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलाच्या मुठीत काही असेल, तर प्रथम खाली वाकून पाहावे. मग म्हणावे, “छान आहे. कोठे सापडला? चल, त्याला त्याच्या घरी सोडून येऊ.” या तीन वाक्यांत जीव वाचतो, दयाही शिकविली जाते आणि मुलाचा प्रश्नही जिवंत राहतो.

प्रश्नांची भीती मात्र बाळगू नये. गेल्या वर्षी पाठशाळेत एकेन्द्रियापासून पंचेन्द्रियापर्यंत जीवांचे भेद शिकविले. शंख दोन इंद्रियांचा, मुंगी तीन इंद्रियांची, माशी चार इंद्रियांची. नंतर मुले माझ्या भिंगातून मुंग्यांची रांग पाहत होती. मुंग्या वाटेवर गंध सोडीत जातात आणि मागच्या मुंग्या त्याचा माग काढीत येतात, हे मी नुकतेच वाचून सांगत होतो. एक मुलगी म्हणाली, “पण आजोबा, मुंगीला डोळे दिसत आहेत. मग तीन इंद्रिये कशी?” वर्गात शांतता पसरली. शास्त्र आणि विज्ञान यांची बळेच सोयरीक जुळविण्याची विद्वत्ता माझ्याकडे नाही. मी तिला खरे ते सांगितले. “बाळ, मला माहीत नाही. महाराजसाहेबांचा विहार होऊन ते येथे येतील, तेव्हा आपण दोघे जाऊन विचारू.” काहींना माझे उत्तर आवडले नाही. परंतु गौतमस्वामींनी भगवंतांना छत्तीस हजार प्रश्न विचारले, असे आपली परंपरा सांगते. प्रश्न विचारणे हा अविनय असता, तर पहिल्या गणधरांनी तो छत्तीस हजार वेळा केला नसता. या मुलीचा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे.

विश्वस्त मंडळापुढे दोन नम्र सूचना मांडतो. देरासराच्या आवारातील मागची जागा फरशी न घालता मातीचीच ठेवावी आणि तेथे एक प्राजक्त व एक शेवगा लावावा. पावसाळ्यात तेथे आपोआप काय उगवते, ते मुलांनी काठावरून पाहावे, पाय न देता. दुसरे, पाठशाळेत एक कपाट असावे. त्यात मुलांनी वेचलेली पाने, शेंगा, पिसे, खडे नावनिशीवार ठेवावे. कपाटाचा खर्च आणि सूत मोजण्याची सहा भिंगे मी देतो. त्यावर माझ्या नावाची पाटी लावू नये, एवढी अट आहे.

शेवटी एक सांगतो. गेल्या जूनमध्ये माझी पाच वर्षांची नात आमच्याकडे आली होती. पहिल्या सरीनंतर ती अंगणातून ओरडली. मी गेलो. मातीवर मृगाचा किडा चालत होता. आम्ही दोघे उकिडवे बसलो. गुडघे दुखत होते, तरी बसलो. तिने त्याचे पाय मोजले, आठ भरले. किड्याला सहा पाय असतात ना, असे तिने विचारले. मी नंतर पाहिले, तो खरे तर कीटक नव्हेच, कोळ्याच्या कुळातला आहे. साठी उलटल्यावर मला हे कळले. थोड्या वेळाने तो गवतात गेला.

संध्याकाळी मुलाला फोन केला आणि मृगाचा किडा पाहिल्याचे सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “मखमलीसारखाच असतो ना, पप्पा?” मी “होय” म्हणालो. एकतीस वर्षांपूर्वी म्हणावयाचे राहिले होते.

 बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही बोललो असेन, कोणाचे मन दुखावले असेल, तर अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेन्द्र.